राजीनामे घेणाऱ्याने राजीनामा कसा द्यावा

सर्वप्रथम, घाई करू नका. करिअर म्हणजे काय हे तुम्हाला नव्याने सांगायची गरज नाही. दर एप्रिलमध्ये शे-दोनशे लोकांना केबिनमध्ये बसवून तुम्हीच ते सांगत असता. "कंपनी तुमच्याकडे लाँग टर्म बघतेय" हे वाक्य तुम्हाला इतकं पाठ आहे, की यंदा प्लँट हेड तेच तुम्हाला म्हणाले तेव्हा तुम्हाला भरून आलं. ते वाक्य आपणच त्यांना लिहून दिलं होतं, हे पार्किंगमध्ये हेल्मेट घालताना आठवलं.

तर तुम्ही चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात असिस्टंट मॅनेजर, एचआर. या लाइनीत नऊ वर्षं, या कंपनीत सव्वाचार. वरची मॅनेजरची जागा रिकामी झाली, की ती तुमचीच असं सगळं टाइम ऑफिस मानतं. मग व्यवस्थापनाला बाहेरून कोणीतरी 'फ्रेश' आणावासा वाटतो. त्याची जाहिरात तुम्ही लिहायची, इंटरव्ह्यू तुम्ही लावायचे, ऑफर लेटरही तुम्हीच काढायचं. म्हणजे आपल्याला न मिळालेल्या जागेचा पगार रुपया-पैशासकट माहीत असण्याचं भाग्य तुमच्याइतकं कोणाला लाभत नाही. असं भाग्य सोडून जाऊ नये. नवे साहेब रुजू झाले, की इंडक्शनमध्ये त्यांना कॅन्टीन दाखवा आणि "इथे वाढीला खूप वाव आहे" असं सांगायला विसरू नका.

बेल कर्व्हचंही, म्हणजे रेटिंग ठरावीक प्रमाणात वाटायच्या पद्धतीचंही, तसंच. कोणाला तरी खालच्या रेटिंगमध्ये टाकावंच लागतं, आणि प्रॉडक्शनवाले आपला माणूस सोडत नाहीत. अशा वेळी एचआरने आदर्श घालून द्यावा. तो तुम्ही सलग दोन वर्षं घालून दिलाय.

आता पैशाचं बघू. कायम कामगाराला ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून एकरकमी येणारे पैसे, मिळायला पाच वर्षं पूर्ण व्हावी लागतात, १९७२ च्या कायद्यापासून हेच चालत आलंय. २१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यात ठरावीक मुदतीच्या करारावरच्या माणसाला वर्षभरातच ग्रॅच्युइटीचा हक्क आला. तुम्ही परमनंट, म्हणून तुम्हाला पाचच. कायमपणाची एवढी किंमत तर मोजावीच लागते. तुमचं बेसिक ४० हजार धरलं तर २६ ने भागा, १५ ने गुणा, पाच वर्षांनी गुणा: १ लाख १५ हजारांच्या आसपास. नव्या ठिकाणी हातात महिना ३० हजार जास्त मिळणार असतील, तरी हे १ लाख १५ हजार बुडवू नका. आणखी नऊ महिने थांबा. नऊ गुणिले तीस किती होतात ते मोजू नका, हातचं ते हातचं.

आणि बेसिक ४० हजारच का, असं स्वतःला विचारू नका. बेसिक दाबून भत्ते फुगवायचे, म्हणजे पीएफही कमी, ग्रॅच्युइटीही कमी, ही रचना तुम्हीच मागे एक्सेलमध्ये बसवली होती आणि तिच्यासाठी तुम्हाला दिवाळीत शाबासकी आणि मिक्सर मिळाला होता. आता संहिता म्हणते, की भत्ते निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनातच धरा. त्यामुळे ती शीट पुन्हा उघडावी लागणार आहे. तुम्ही गेलात तर उघडणार कोण? बघा, कंपनीला तुमची किती गरज आहे.

एवढं सांगूनही मन हिंजवडीच्या आयटी कंपनीकडे धाव घेत असेल, तर ऑफर नीट वाचा. तुम्ही असिस्टंट मॅनेजर आहात, तिथे 'पीपल अँड कल्चर लीड' होणार. पदाचं नाव लांबलं की माणूस वाढतो. तुमच्या हाताखाली कोण, हे विचारू नका. लीड म्हणजे आधी आपण स्वतःला लीड करायचं असतं. सीटीसीत, म्हणजे कंपनी दाखवते त्या वर्षाच्या एकूण पगारखर्चात, ग्रॅच्युइटीचे बेसिकच्या ४.८१ टक्के धरलेले दिसतील. पाच वर्षं टिकलात तर मिळणारे पैसे आजच्या पगारात मोजून दाखवायची ही कला तुम्ही किती पोरांवर वापरलीत! आता ती कोणीतरी तुमच्यावर वापरतंय, यात अपमान मानू नका. विद्येचा मान आहे तो.

माणसं मिळवून देणाऱ्या कन्सल्टन्सीवाल्याचा फोन दिवसातून चारदा येईल. त्याच्यावर चिडू नका, तो आपला पूर्वज आहे. मुंबईच्या गिरण्यांत भरती मुकादम करायचा आणि कामावर लावल्याबद्दल माणसाकडून दस्तुरी, म्हणजे आपलं कमिशन, घ्यायचा. १९३१ मध्ये कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाने सुचवलं, की भरती मुकादमाच्या हातून काढा आणि लेबर ऑफिसर नेमा. मग १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टने पाचशे किंवा जास्त कामगार असतील तिथे वेल्फेअर ऑफिसर सक्तीचा केला. पुढे त्याचा पर्सोनेल झाला, पर्सोनेलचा एचआर, आणि आता कल्चर. दस्तुरीही सुधारली. ती उमेदवाराकडून नाही, कंपनीकडून घेतात, आणि तिचा रूढ दर आहे वर्षाच्या सीटीसीच्या ८.३३ टक्के. कामगाराच्या किमान बोनसचा टक्काही ८.३३ च. वर्षभर प्रेस मशीनवर उभा राहणारा आणि तुमचा बायोडाटा एका मेलमधून दुसऱ्या मेलमध्ये ढकलणारा, दोघांना एकच टक्का. फरक एवढाच, की कामगाराचा बोनस ठरलेल्या मर्यादेपर्यंतच्या पगारावर मोजतात.

कामाचं स्वरूप मात्र पूर्ण बदलेल, आणि ही फारच आनंदाची गोष्ट आहे. चाकणला तुम्हाला काय मिळालं? वेतनकराराची रात्र. युनियनच्या कमिटीचे सात जण समोर, मागणीपत्र टेबलावर, वडापावचे कागद चुरगळून कोपऱ्यात. एकूण वाढीचा आकडा कधीच ठरलेला आणि भांडण वाटणीवर: पहिल्या वर्षी निम्मे आणि मग पाव-पाव, की साठ-वीस-वीस? दीड वाजता सेक्रेटरी उठून बाहेर जातो. अध्यक्ष छताकडे बघत बसतो. तेव्हा बाहेर कोणी जायचं, जाऊन वेतनाचा विषय न काढता फक्त आईच्या ऑपरेशनची चौकशी करायची, आणि किती वेळाने दोघांनी मिळून आत यायचं, हे तुम्ही नऊ वर्षांत शिकलात. सकाळी करारावर सह्या झाल्या, पेढे वाटले. फोटोत प्लँट हेड आणि अध्यक्ष. तुम्ही फोटो काढत होता.

हे सगळं बायोडाटात एका ओळीत येतं: 'आयआर (म्हणजे कामगार-व्यवस्थापन संबंध) हँडल केलं'. हिंजवडीतल्या मॅडम ती ओळ वाचतील आणि विचारतील, "एम्प्लॉयी एंगेजमेंटमध्ये काय केलंय?" तेव्हा खंडेनवमीला मशीनची पूजा आणि हजार माणसांचं जेवण केलंत ते सांगू नका. 'मोठ्या प्रमाणावरचे कल्चरल इनिशिएटिव्ह' म्हणा.

तिथे युनियन नाही, वडापाव नाही. शुक्रवारी पिझ्झा आहे. दिवाळीत रांगोळी स्पर्धा, तिचं परीक्षणही तुमच्याकडे. आणि मग एखाद्या सकाळी वरून एक यादी येईल आणि सोबत इंग्रजीत लिहिलेलं दोन परिच्छेदांचं निवेदन. एकेकाला कॉलवर घेऊन तुम्ही ते वाचायचं, शब्द बदलायचा नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांचे लॅपटॉप बंद झालेले असतील. इथे उठून बाहेर जाणारा सेक्रेटरी नसतो, त्यामुळे काम फार लवकर आटोपतं. भरती थांबली की भरती करणाऱ्यांची गरज सगळ्यात आधी संपते, म्हणून यादीचं शेवटचं पान एकदा चाळून घ्या. (माझं खासगी मत विचाराल, तर जिथे करार करायला मिळतो ती खुर्ची, नाव कितीही आखूड असो, मी सहसा सोडली नसती. जिथे पुढचा करार तुमच्या नावावर होणार असेल, तिथे मात्र शिरूर ओलांडूनही गेलो असतो. पण अशा लेखात लेखकाला खासगी मत नसतं.)

तरीही द्यायचाच असेल राजीनामा, तर तो कोणाला देणार हा प्रश्न आहे. तो यायचा तुमच्याच इनबॉक्समध्ये. नवे साहेब केबिनमध्ये बोलावतील, दार लावून घेतील, चहा मागवतील. "अरे, तू तर घरचा माणूस. आधी बोलायचंस ना!" मग काउंटर ऑफर. ज्या वाढीसाठी बजेट नव्हतं, तिला दहा मिनिटांत बजेट सापडेल. काउंटर ऑफर घेऊन थांबलेल्या माणसाचं नाव तुम्ही आजवर कोणत्या रंगाने अधोरेखित करत आलात, ते या क्षणी आठवू नका. चहा गार होतो.

नोटीस पिरियड ९० दिवसांचा. तो ३० वरून ९० करण्याची नोट कोणाच्या सहीने गेली होती हे फाइलमध्ये आहे, बघू नका. बायआउटला, म्हणजे पैसे भरून नोटीस आखूड करायला, पॉलिसी परवानगी देत नाही, पॉलिसीही तुमचीच. एक्झिट इंटरव्ह्यू तुमची ज्युनियर घेईल. ती बिचारी 'सर' म्हणत फॉर्म पुढे करेल आणि कारणाच्या रकान्यापाशी अडेल. तिला सांगा, 'बेटर प्रॉस्पेक्ट्स' लिही. सगळे तेच लिहितात, त्यामुळे वर्षअखेरीच्या तक्त्यात रंग एकच येतो आणि व्यवस्थापनाला वाचायला सोपं जातं.

राहता राहिला मुहूर्त. मार्चमध्ये देऊ नका, एप्रिलची वाढ तोंडावर असते. एप्रिलमध्ये पत्र मिळाल्यावर लगेच दिला तर वाईट दिसतं. जूनमध्ये मुलांच्या फिया भरायच्या असतात. मग गणपती, कंपनीच्या मंडळाचा हिशेब तुमच्याकडे. ऑक्टोबरमध्ये दिवाळीचा बोनस वाटायचा असतो, आणि वाटणारा मध्येच निघून गेला तर लोक भलतंसलतं बोलतात. डिसेंबरात ऑडिट. जानेवारीत इन्व्हेस्टमेंट प्रूफ गोळा करायचे, साडेआठशे माणसांच्या भाडेपावत्या एकेक तपासायच्या. आणि फेब्रुवारीत तर मुळीच नाही: त्या महिन्यात प्रोफेशनल टॅक्स २०० ऐवजी ३०० कापला जातो.