कॉम्प्युटर भंगारात काढण्याआधी

कोकणातल्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. ‘स्वतःचा कॉम्प्युटर घेणं आता वेडेपणा. टीव्हीला डबा जोडा, महिन्याचं भाडं भरा, काम दूरच्या सर्व्हरवर होईल. तंत्रज्ञान नवं, डेटा कधीच जात नाही, नेट सगळीकडे आहे, खर्च कमी. विंडोज १० संपलं, जुनी मशिनं भंगारात द्या.’ कॉम्प्युटर दुरुस्ती हा माझा धंदा, तेव्हा ‘हा विरोधात बोलणारच’ असं कोणी म्हणेल. म्हणू दे.

‘तंत्रज्ञान नवं.’ एका मोठ्या मशीनचे आभासी भाग पाडून प्रत्येकाला स्वतंत्र कॉम्प्युटर भासवायचा, हे आयबीएमच्या व्हीएम/३७० ने १९७२ मध्येच केलं. मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा कॉम्प्युटर आला, तेव्हा बाहेरच्या संस्थाही त्याच मशीनवर गणितं करून घेत. १९८१ च्या आयबीएम पीसीनंतर मशीन टेबलावर स्थिरावलं. १९९६ च्या सुमारास ओरॅकलचे लॅरी एलिसन पीसीचे दिवस भरल्याचं सांगत ‘नेटवर्क कॉम्प्युटर’, म्हणजे नेटवर्कवरच्या सर्व्हरच्या भरवशावर चालणारा साधा डबा, पुढे करत होते. पीसी राहिला, तेच डबे गेले. आता नेट वेगवान आहे, म्हणून २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टचं विंडोज ३६५ आणि २०२५ मध्ये जिओचं जिओपीसी, असे भाड्याचे कॉम्प्युटर आले. या खेपेला जमेलही, पण नवं म्हणू नका.

‘डेटा कधीच जात नाही.’ यात थोडं खरं आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा तळमजल्यावरची मशिनं गाळात गेली. बहुतेक हार्ड डिस्कना हवेसाठी बारीक भोक असतं. तिथून गाळाचं पाणी आत गेलं की डेटा काढणं महाकठीण आणि महागही. ज्याच्या हिशेबाची प्रत गावाबाहेर होती, तो सुटला. पण त्याला वाचवलं त्या प्रतीने. प्रत बाहेर ठेवायला अख्खा कॉम्प्युटर भाड्याने घ्यावा लागत नाही.

आणि सर्व्हरवाल्यांकडेही आग लागते. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं. बॅकअपही तिथेच असलेल्या काही ग्राहकांचा डेटा गेला तो गेलाच. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि कर्मचाऱ्यांच्या फायलींचा ८५८ टेराबाइटचा साठा नष्ट झाला. त्याची दुसरी प्रतच नव्हती!

आगच लागायला हवी असंही नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपच्या निर्बंधांमुळे मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या भारतातल्या तेल कंपनीच्या सेवा थांबवल्या. नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली, सेवा परत सुरू झाल्या. एवढ्या मोठ्या कंपनीला कोर्टाची पायरी चढावी लागली. आपल्या काजूवाल्याने कुठे जायचं?

‘नेट सगळीकडे आहे.’ हे लिहिणारा जुलैत मंडणगडला आलेला दिसत नाही. अशा भाड्याच्या, आभासी डेस्कटॉपवर तुम्ही कळ दाबता ती सर्व्हरला जाते आणि तिथून स्क्रीनचं चित्र परत येतं. वाटेत रेंज डळमळली की टायपिंग अडखळतं, नेट गेलं की काम जागच्या जागी थांबतं. रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली तरी तेच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरला धडकलं. त्यानंतर अनेक गावांत वीज नव्हती आणि टॉवरही बंद होते. अशा वेळी जनरेटरवर लॅपटॉप तरी चालतो, डबा चालून उपयोग नाही. एप्रिल-मेमध्ये वाशीला आंब्याची गाडी भरताना काही कामांना नेट लागतंच, मान्य. पण पेट्यांचा हिशेब आणि बागायतदाराचा खातेउतारा त्यासाठी का अडवायचा? बँकेत ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ ऐकतो तेवढं पुरे नाही का?

‘खर्च कमी.’ महिना ५०० रुपये भाडं धरा, पाच वर्षांत ३०,००० झाले, आणि हातात मशीन नाही. दोन महिन्यांपुरता जादा माणूस बसवायचा असेल तर भाड्याचं परवडेल.

राहिलं भंगार. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे त्या दिवशी मशीन बंद पडलं नाही. सुरक्षेचे नेहमीचे अपडेट थांबले, आणि तो धोका खरा आहे. जुन्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली टाकता येते. उद्या विंडोज ३६५ सारखा भाड्याचा डेस्कटॉप घेतलातच, तरी तो याच मशीनच्या ब्राउझरमध्ये उघडेल. फक्त टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर लिनक्सवर थेट चालत नाही, तेवढं आधी बघा.