द्राक्षं चोरायला इतक्या लांब कोण येतं?

काल मला फ्रान्समध्ये द्राक्षचोर समजण्यात आलं. तसं तोंडावर कुणी म्हटलं नाही. नुसतं विचारलं. पण तो सूर मी ओळखतो. पिंपळगाव बसवंतजवळच्या आमच्या बागेच्या बांधावर उभं राहून दहाव्या वर्षापासून मी स्वतः याच सुरात लोकांना विचारत आलोय, 'काय पाव्हणं, काही हरवलं का?'

भाचा बोर्दोला नोकरीला असतो, मी महिनाभर त्याच्याकडे आलोय. रविवारी त्याने मला त्याची सायकल दिली, त्याचेच घट्ट कपडे दिले आणि 'मामा, मेदोकमधून, म्हणजे इथल्या द्राक्षपट्ट्यातून, चक्कर मारून ये, रस्ते मस्त आहेत' म्हणत रेल्वेत बसवून दिलं. कपड्यांचं मुद्दाम सांगतो, कारण पुढे तो पुरावा आहे. त्या कपड्यांत पोटसुद्धा लपत नव्हतं, द्राक्षाचा घड कुठून लपणार?

मार्गो स्टेशनात उतरलो आणि सें-ज्यूलियँच्या दिशेला निघालो. मुख्य रस्ता सोडून आतल्या वाटेला लागलं की माणूस दिसत नाही. दोन्हीकडे वेलींच्या ओळी, मधेच एखादा वाडा, पुन्हा ओळी. तासाभरात चार मोटारी आल्या. गावाबाहेर सायकलवाल्याला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडायचं असा इथला नियम आहे, त्यामुळे अरुंद वाटेवर मोटारवाला मुकाट्याने मागे मागे येत राहतो. हॉर्न नाही, शिवी नाही. नाशिकच्या पेठ रोडवर सायकल चालवलेल्या माणसाला ही शांतता सोसत नाही. एकाला तर मी खाली उतरून वाट दिली आणि वर हात जोडले.

पण माझं लक्ष रस्त्यावर नव्हतंच, बागांवर होतं. द्राक्षवाल्याच्या पोराला द्राक्षबागेतून नुसतं सायकलवर जा म्हणणं म्हणजे सोनाराला सराफ बाजारातून डोळे मिटून चाल म्हणण्यासारखं आहे. इथे मांडव नाही. ठिबकची नळी दिसत नाही. जमीन म्हणजे नुसते गोटे, आमच्याकडे असल्या जमिनीत कुणी बाभूळ लावणार नाही. आम्ही नऊ फुटांवर ओळ धरतो, हे एका मीटरवर. हेक्टरी दहा हजार झाडं, आणि प्रत्येक झाड कंबरेएवढं. घड गुडघ्याच्या उंचीवर. आमच्याकडे द्राक्ष बघायला मान वर करावी लागते, इथे वाकावं लागतं. आणि दुसऱ्याच्या रानात वाकलेला माणूस जगात कुठेही चोरच दिसतो.

तर मी वाकलो. ऑगस्ट संपत आलेला, मण्यांत पाणी उतरून घड काळे पडायला लागलेले. घडांकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मी पाहत होतो एक पान. पानावर पिवळसर तेलकट डाग. डावणी, द्राक्षावरचा बुरशीचा रोग! हा डाग मला झोपेतून उठवून दाखवला तरी मी ओळखेन. या डागापायी अण्णांनी एका ऑक्टोबर छाटणीनंतर सोळा दिवस घरात धड जेवण केलं नव्हतं. मी पान उलटं करून बघणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"बोंजूर, मस्य."

सत्तरीच्या पुढचा म्हातारा. डोक्यावर गवताची टोपी, पायात घरातल्या सपाता, बगलेत पाव. बरोबर एक कुत्रं, तेही माझ्याकडे त्याच नजरेने बघत होतं.

"वू शेर्शे केल्क शोझ?"

म्हणजे 'काही शोधताय का?' एवढं फ्रेंच मला दुकानांतून ऐकून पाठ झालंय. म्हटलं ना, सूर तोच. काय पाव्हणं, काही हरवलं का?

मी पानाकडे बोट केलं आणि डावणीला इंग्रजीत म्हणतात ते 'मिल्ड्यू' म्हणालो. फ्रेंचमध्येही जवळपास तोच शब्द आहे, मिल्दियू, हे मला माहीत नव्हतं. म्हाताऱ्याचा चेहरा बदलला. चोर समजत होता तोवर तो बरा शांत होता. आता त्याने पाव या बगलेतून त्या बगलेत घेतला आणि छातीवर हात मारून ओरडला, "मिल्दियू? शे म्वा? जामे!"

माझ्याकडे? कधीच नाही! हे मात्र मला शंभर टक्के समजलं. कुठल्याही द्राक्षवाल्याला परक्या माणसाने बांधावर उभं राहून 'तुमच्या बागेत डावणी दिसतेय' म्हणणं हा चोरीपेक्षा मोठा गुन्हा आहे. आमच्या चुलत्यांनी असं एकदाच म्हटलं होतं, तर दोन घरांत पाच वर्षं हळदीकुंकू बंद होतं.

माझं काम दाखवायला मी मोबाइल काढला. भाषांतराचं बटण दाबून स्वच्छ मराठीत म्हणालो, "बाग आहे आमच्या वडिलांची." मोबाइल फ्रेंचमध्ये काहीतरी बोलला. म्हाताऱ्याने आधी मोबाइलकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग दूरवर दिसणाऱ्या वाड्याच्या फाटकाकडे. रात्री भाच्याने ते भाषांतर वाचलं आणि हसता हसता खुर्चीवरून घसरला. मोबाइलने सांगितलं होतं, 'ही बाग माझ्या वडिलांची आहे.'

म्हणजे पाच मिनिटांत मी चोरापासून थेट वारसदार झालो होतो.

म्हातारा आता फार हळू बोलायला लागला, कोर्टात बोलतात तसा. वडिलांचं नाव काय, असं त्याने विचारलं. पॅर म्हणजे वडील हे मला ठाऊक होतं. घाबरलेला माणूस घरातलंच नाव सांगतो. मी म्हणालो, "अण्णा."

"आना?"

"हो. अण्णा."

तिकडे ते बाईचं नाव आहे. बराच वेळ कुणी बोललं नाही. कुत्रं खाली बसलं.

तेवढ्यात ओळीच्या टोकाकडून एक ट्रॅक्टर आला. इथला ट्रॅक्टर ओळीतून चालत नाही, ओळीवरून चालतो. उंच उंच पाय, वेलींना टांगेखाली घेऊन येतो. वरच्या पोराने आम्हा दोघांकडे पाहून हाताने 'बाजूला व्हा' केलं आणि म्हाताऱ्यावर काहीतरी खेकसला. म्हातारा पुटपुटत रस्त्यावर आला. तेव्हा कळलं, बाग त्या वाड्याची. म्हातारा फक्त समोरच्या घरात राहतो. 'शे म्वा' काय म्हणे! आणि ट्रॅक्टर वळल्याबरोबर या सद्गृहस्थाने खाली वाकून, माझ्या डोळ्यांदेखत, एक काळा मणी तोडून तोंडात टाकला.

मला राग याचा नाही. इथवर लिहिलं ते हसण्यावारी गेलं. पण मी वाकण्याच्या पाच मिनिटं आधी तिथून वीस पावलांवर एक गोरा सायकलवाला ओळीत शिरून लघुशंकेला उभा होता. म्हातारा त्याच्याजवळूनच आला. त्यालाही तो 'बोंजूर' म्हणाला असेल, पण पुढचा प्रश्न त्याला नव्हता. काय शोधताय, हे विचारायची गरज म्हाताऱ्याला फक्त माझ्यापाशी पडली. भाचा म्हणतो, मामा, तू उगाच अर्थ काढतोस. काढत असेन. चाळीस वर्षं बांधावर उभं राहून कुणाला हटकायचं आणि कुणाला नाही हे मीही कपड्यांवरूनच ठरवत आलोय, त्यामुळे मला जरा जास्त कळतं.

आता यातली गंमत ऐका. 'बोर्डो' हे गाव आहे, हेच बोर्दो, हे मला कॉलेजात कळलं. तोवर आमच्या घरात बोर्डो म्हणजे औषध. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. त्यात विळा बुडवायचा, पात्यावर तांबूस थर चढला तर अजून चुना. निळ्या हातांनी भाकरी खाल्लीय आम्ही. हे औषध निघालं याच मेदोकात. डावणी अमेरिकेतून 1878 च्या सुमारास फ्रान्समध्ये आलेली, पुढे बागा जळायला लागल्या. इथले बागायतदार रस्त्याकडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुना मारायचे. रोगासाठी नव्हे, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून! निळं, विषारी दिसावं एवढाच हेतू. 1882 साली मियार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की रस्त्याकडेच्या तेवढ्याच वेली हिरव्या राहिल्यात. कुठे? सें-ज्यूलियँच्या एका बागेत. मला हटकलं त्याच शिवारात. म्हणजे ज्या औषधावर अण्णांनी बाग जगवली आणि मला शिकवलं, ते मुळात माझ्यासारख्या रस्त्यावरच्या माणसाला लांब ठेवायला बनवलं होतं.

आणि चोरायचं तरी काय? तसला मणी मी नंतर बाजारातून विकत घेऊन खाल्ला. वाटाण्याएवढा, जाड सालीचा, आत बियाच बिया. आमच्या थॉमसनच्या, बिनबियांच्या द्राक्षाच्या, बागेत असला माल आला असता तर व्यापारी बांधावरूनच परत गेला असता. वाइन कितीही महाग होवो, द्राक्ष म्हणून आपला नमस्कार.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. चोरी झाली. रात्री कपडे धुवायला टाकताना पाठीमागच्या खिशात ते पान निघालं. गडबडीत कधी खिशात गेलं, देव जाणे. अण्णा करायचे तसं मी ते ओल्या कागदात गुंडाळून पिशवीत बांधून ठेवलं. डाग डावणीचा असेल तर रात्रभरात पानाच्या खालच्या बाजूला पांढरा कापूस येतो.

सकाळी सहाला पिशवी उघडली. आलाय. भरपूर आलाय.

भाचा अजून झोपलाय. त्या बागेच्या बाजूला, पोयाककडे जाणारी गाडी किती वाजता आहे, हे मला फ्रेंचमध्ये वाचता येत नाहीये. त्याला उठवावं म्हणतोय.