‘संपला’ हा शब्द चुकतोय

झारखंडमधल्या कोडरमा-गिरिडीह पट्ट्यातला अभ्रक ‘संपला’, म्हणून खाणी बंद पडल्या, हे तुमच्या अभ्रक खाणींवरच्या लेखातलं वाक्य मला पटलं नाही. भूशास्त्र शिकत असताना आम्हाला कोडरमा जिल्ह्यातल्या डोमचांच भागात नेलं होतं. तिथला मस्कोव्हाइट हा फिकट रंगाचा अभ्रक पेग्माटाइट या मोठ्या स्फटिकांच्या खडकाच्या शिरांमध्ये सापडतो, आणि या शिरा कोळशाच्या थरासारख्या सरळ पसरत नाहीत. एखादी शीर मध्येच फुगते, दहा पावलांवर चिमटून नाहीशी होते, आणि पुढे पुन्हा निघते. त्यामुळे साठ्याचा अंदाज बांधणं मुळातच कठीण असतं. खाणी बंद पडल्या त्या 1980 च्या वनसंवर्धन कायद्यानंतर परवाने अडकल्यामुळे, आणि विद्युत उपकरणांत मोठ्या पत्र्यांच्या अभ्रकाला पर्याय आल्यामुळे. सोव्हिएत संघासारखं मोठं गिऱ्हाईकही नंतर गेलं.

जमिनीत माल उरलेला नसता, तर आजही बायका-मुलं जुन्या ढिगाऱ्यांतून आणि उंदराच्या बिळासारख्या भोकांत शिरून ‘ढिबरा’, म्हणजे अभ्रकाचा टाकाऊ चुरा, वेचताना दिसली नसती. हाच चुरा पुढे रंगांत आणि सौंदर्यप्रसाधनांच्या चकाकीत जातो. ‘संपला’ म्हटलं की ही माणसं हिशेबातूनच जातात, म्हणून मला तो शब्द फार खुपला. फेब्रुवारी 2025 मध्ये केंद्राने अभ्रकाला गौण खनिजांतून काढून पुन्हा प्रमुख खनिजांत घातलं, कारण याच पेग्माटाइटमध्ये लिथियम, बेरिलियम, टँटलमही मिळू शकतात. लेखात याचा उल्लेख हवाच होता. आता तिथे नव्याने शोध होईल, तेव्हा ढिबरा वेचणाऱ्यांना कायदेशीर मजुरी आणि सुरक्षित काम मिळेल का, यावर कृपया सविस्तर लिहा.