क्रॅब पल्सर विझत नाही

क्रॅब पल्सर सेकंदाला ३० वेळा ‘पेटतो आणि विझतो’, असा मजकूर सध्या फिरतो आहे. आकडा बरोबर, अर्थ चुकीचा. हा न्यूट्रॉन तारा, म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्याचा उरलेला अतिघन गाभा, साधारण ३३ मिलिसेकंदांत स्वतःभोवती एक गिरकी घेतो आणि त्याचा क्ष-किरणांचा झोत दीपस्तंभाच्या दिव्यासारखा आपल्यावरून फिरून जातो. झोत दुसरीकडे वळला म्हणजे तारा विझला, असं नव्हे. उलट खरी गंमत त्या ‘अंधाऱ्या’ क्षणांतच आहे! भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅट या खगोलीय उपग्रहाने या क्ष-किरणांचं ध्रुवीकरण (त्यांच्या लहरी किती प्रमाणात एकाच दिशेत कंप पावतात ते) मोजलं, तेव्हा ते दोन स्पंदांच्या (लखलखाटांच्या) मधल्या काळात झपाट्यानं बदलताना दिसलं. मुंबईची टीआयएफआर आणि पुण्याची आयुका या संशोधन संस्थांमधले संशोधक या कामात होते. ते २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. कृपया मजकूर पुढे पाठवताना ‘विझतो’ तेवढं काढा.