चौकट नाही, ते ॲप वाचत होतं

सकाळी पावणेसातला अमळनेरहून आत्याचा फोन. ‘‘भाऊ, हाई खरं शे का? नहीते ते खोकं काढी टाक.’’

खोकं म्हणजे तिच्या बचत गटाच्या साईटवरची पैसे भरायची चौकट. गट बिबडे, कुरडया, उडदाचे पापड विकतो. साईट मी जळगावात बसून करून दिली आहे. गिऱ्हाईक आमच्या पानावर माल निवडतं आणि त्याच पानात बसवलेल्या, पण दुसऱ्या कंपनीच्या चौकटीत पैसे भरतं. ऐन वैशाखात, बिबड्यांच्या हंगामात, हा मेसेज तिच्या गटात येऊन पडला:

‘वेबसाईटवर नकाशा, व्हिडिओ, पेमेंटचं जे खोकं दिसतं ते तुम्ही त्या पानावर टाइप केलेलं सगळं वाचतं. ओटीपी उचलतं. कॅमेरा चालू करतं. म्हणूनच सरकारने फ्लॅश बंद केलं. खालचं ॲप टाका, सगळी खोकी बंद होतील. दहा जणांना पाठवा.’

रविवारी अमळनेर गाठलं. ओट्यावर लॅपटॉप ठेवला, आमच्या पानात दुसऱ्या पत्त्यावरची एक रिकामी चौकट बसवली आणि आत्याला वरच्या रकान्यात तिचं नाव टाइप करायला लावलं. मग चौकटीतून ते नाव मागणारी एक ओळ चालवली. खाली लाल अक्षरं उमटली: ब्राउझरनं अडवलं. उलटं करून पाहिलं, पानातून चौकटीत डोकावलं. पुन्हा लाल. ‘‘दोन्हीकडून बंद?’’ आत्या म्हणाली. दोन्हीकडून बंद. ब्राउझरात जावास्क्रिप्ट (पानात चालणारा कोड लिहायची भाषा) आली तेव्हापासूनची, म्हणजे नेटस्केप या जुन्या ब्राउझरच्या दुसऱ्या आवृत्तीपासूनची ही शिस्त आहे. प्रोटोकॉल (http की https), पत्ता आणि पोर्ट (सर्व्हरचं कितव्या क्रमांकाचं दार), तिन्ही जुळले तरच एकाला दुसऱ्याच्या आत हात घालता येतो.

मग पैसे भरल्याचं आमच्या पानाला कळतं कसं? सांगितलं तर कळतं. त्यासाठी पोस्टमेसेज नावाची सोय आहे. आमचं पान चौकटीला ऑर्डरचा क्रमांक देतं. चौकट काम झाल्यावर ‘पैसे आले’ आणि व्यवहाराचा क्रमांक परत पाठवते. तेवढंच. गिऱ्हाइकाचा कार्ड नंबर आमच्या पानाकडे येतच नाही, मला हवा असला तरी.

इथं कुणी माझ्या शब्दावर जाऊ नका. ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्या मिळून एचटीएमएलचं जे मानक चालवतात, त्यात या सोयीच्या प्रकरणातच दोन ताकिदी आहेत. निरोप कुठल्या पत्त्यावरून आला ते तपासल्याशिवाय तो मानू नका. आणि गुपित असलेला निरोप पाठवताना पत्त्याच्या जागी ‘कुणालाही चालेल’ अशी तारांकनाची खूण टाकू नका. म्हणजे धोका आहे, पण तो साईट लिहिणाऱ्याच्या आळसात आहे. मीही पहिल्या साईटवर तारांकन टाकून मोकळा झालो होतो, नंतर दुरुस्त केलं. आता ‘पैसे आले’ हा निरोप आला तरी आमचा सर्व्हर पेमेंट कंपनीला परस्पर विचारून घेतो, तोवर बिबडे पॅक होत नाहीत.

कॅमेरा: पानानं चौकटीला तशी मुभा द्यावी लागते आणि वर तुम्हाला विचारणा येते. पुढे.

फ्लॅश म्हणजे पानात खेळ, व्हिडिओ चालवणारं जुनं सॉफ्टवेअर. ते सरकारनं बंद केलं नाही, ते बनवणाऱ्या ॲडोबी कंपनीनं स्वतः केलं, ३१ डिसेंबर २०२० ला. पण इथं अर्धं खरं आहे हे नाइलाजानं मानतो. फ्लॅशच्या काळात पान आणि आतला खेळ एकमेकांना हाका मारू शकत, आणि ‘अलाऊ स्क्रिप्ट ॲक्सेस’ या सेटिंगला ‘ऑलवेज’ (नेहमी चालेल) लिहिलं की परक्या पत्त्यावरून आलेली फाईलही पानात हात घालू शके. पुष्कळांनी डोळे झाकून तेच लिहिलं होतं.

आजही चौकट न बसवता दुसऱ्याची स्क्रिप्ट, म्हणजे कोड, थेट पानात घेतली, तर ती पानाचीच होऊन सगळं वाचते. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या साईटवर अशाच बिघडवलेल्या स्क्रिप्टनं गिऱ्हाइकांची कार्डं चोरली. २०२० मध्ये कंपनीला दोन कोटी पौंडांचा दंड झाला. शिवाय चौकटीचा पत्ता वरच्या पट्टीत दिसत नाही, तिथं फक्त बाहेरच्या पानाचा दिसतो. अनोळखी पानावरची चौकट हुबेहूब खोटी काढता येते. हे मेसेजवाल्यानं लिहिलं असतं तर मीच पुढं पाठवलं असतं.

आता ओटीपी, ज्याच्यामुळे माझं डोकं फिरलं. ब्राउझरला मेसेजमधला ओटीपी पानात भरता येतो, पण मेसेजच्या शेवटच्या ओळीत त्याच साईटचा पत्ता असेल तर, आणि तुम्ही ‘परवानगी’ दाबल्यावर. चौकटीला तर तेही पानानं मुभा दिल्याशिवाय जमत नाही. तिला तुमचा इनबॉक्स दिसत नाही.

आत्याचा फोन हातात घेतला. खालचं ॲप तिनं टाकलेलंच होतं. प्ले स्टोअरवरून नव्हे, मेसेजमधल्या फाईलवरून, ‘अनोळखी ठिकाणचं ॲप’ ही सेटिंग चालू करून. परवानग्या उघडल्या: एसएमएस वाचणे, एसएमएस पाठवणे, सूचना वाचणे, वर ॲक्सेसिबिलिटी, म्हणजे पडद्यावरचं सगळं वाचायची मुभा. खोकी बंद करायला एसएमएस कशाला लागतात? बँकेचा प्रत्येक ओटीपी, पडद्यावरचं प्रत्येक अक्षर, सगळ्याला दार उघडं. कॅमेरा सोडला तर चौकटीवर जे जे आरोप केले होते, ते ते हे ॲप करू शकत होतं, आणि आत्यानं स्वतःच्या अंगठ्यानं ‘होय’ म्हटलं होतं.

आधी ॲक्सेसिबिलिटी काढली, मग ॲप. बँकेत फोन करून व्यवहार तपासले. खातं शाबूत होतं. पिन बदलला. पैसे गेले असते तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला करायचा, हे तिच्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं.

पेमेंटची चौकट साईटवर तशीच आहे. मेसेज मात्र आत्यानं शनिवारीच तीन गटांत पाठवला होता, त्यातला एक पारोळ्याच्या बहिणींचा. दुपारभर ती एकेकीला फोन लावून ॲप काढायला सांगत होती, आणि मी शेजारी बसून प्रत्येकीला परवानग्या कुठं असतात ते सांगत होतो.