आर-स्क्वेअर ०.९९ होता, तरीही

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. जरा झोंबली, पण अर्धी पटलीही. माझा लेख होता प्रयोगाच्या बिंदूंतून रेषा बसवताना चुकीचं वेट (कुठल्या बिंदूला किती भार द्यायचा ते) लागल्याबद्दल. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मी ज्याला 'बग' म्हटलं तो बग नव्हेच, मॅन्युअल न वाचल्याचा परिणाम, आणि आर-स्क्वेअर (रेषा बिंदूंना किती जुळते याचा आकडा, १ म्हणजे तंतोतंत) ०.९९ येत असताना वेटवरून एवढा काथ्याकूट कशाला?

पहिला मुद्दा कबूल. नमपाय या पायथन लायब्ररीतल्या पॉलिफिट या रेषा बसवणाऱ्या फंक्शनमध्ये काहीच बिघडलेलं नव्हतं. चूक आमच्या स्क्रिप्टची, म्हणजे माझीच. पण माणूस नेमका इथेच का घसरतो ते बघा. वेट म्हणजे एक भागिले सिग्माचा (म्हणजे त्या बिंदूच्या अनिश्चिततेचा) वर्ग, हे आपलं पाठ असतं. 'आर' या सांख्यिकीच्या भाषेतल्या एलएम फंक्शनला तेच लागतं. पॉलिफिटला मात्र एक भागिले सिग्मा हवं, कारण ते आधी वेटने गुणतं आणि मग वर्ग करतं. सायपाय या दुसऱ्या पायथन लायब्ररीतल्या कर्व्ह-फिटला तर थेट सिग्माच द्यायचा. तीन घरं, तीन रीती. आणि चुकीचं काही दिलं तरी कुणी कुरकुर करत नाही, मुकाट्याने आकडा काढून देतात.

आमच्याकडे एका चुकीवर दुसरी बसली होती. प्रयोग बेरियम-१३७एम या किरणोत्सारी पदार्थाच्या क्षयाचा, अर्धायुष्य साधारण २.५५ मिनिटं. किरणोत्सार मोजणाऱ्या गायगर काउंटरचे काउंट घ्यायचे, त्यांचा लॉग काढायचा, सरळ रेषा बसवायची आणि तिच्या उतारावरून अर्धायुष्य काढायचं. काउंटची अनिश्चितता म्हणजे त्याचं वर्गमूळ, म्हणून स्क्रिप्टमध्ये वेट लिहिलं होतं एक भागिले काउंट. पण लॉग घेतला की अनिश्चितता एक भागिले वर्गमूळ होते, म्हणजे पॉलिफिटला काउंटचं वर्गमूळच द्यायला हवं होतं. आता १०,००० काउंटचा सुरुवातीचा बिंदू आणि १०० काउंटचा शेपटीतला बिंदू घ्या. पहिल्याचा भार १०० पट हवा. आम्ही शेपटीलाच १०,००० पट देऊन बसलो होतो! म्हणजे दहा लाख पटींचा घोळ.

संशय आला तोही योगायोगाने. सुरुवातीचे चार बिंदू गाळले, अर्धायुष्य जागचं हललं नाही. शेवटचे दोन गाळले आणि त्याने उडीच मारली. जिथे सगळ्यात जास्त माहिती आहे तिथले बिंदू गेल्याचं रेषेला सोयरसुतक नाही, हे कसं?

आर-स्क्वेअरचं म्हणाल, तर तो आम्ही त्याच चुकीच्या वेटनी काढत होतो. चोरालाच पंचनामा लिहायला बसवल्यासारखं.

'वेट थोडं इकडेतिकडे झालं तर कितीसा फरक पडतो' असंही तुम्ही लिहिलंय. दोनच बिंदू घेऊन बघा. एकाची किंमत १०, सिग्मा १. दुसऱ्याची २०, सिग्मा २. दोन्हींसाठी एकच स्थिर किंमत बसवायची. बरोबर उत्तर १२. वेट लागलंच नसेल तर १५. एलएमला एक भागिले सिग्मा दिलं तर १३.३३. पॉलिफिटला एक भागिले सिग्माचा वर्ग दिलं तर १०.५९, आणि नुसता सिग्मा दिला तर १८. उत्तर पाहूनच कळतं काय चुकलंय. तेव्हापासून कुठलंही नवं फिटिंग पॅकेज हाती आलं की आधी हे दोन बिंदू घालतो.

एक गोष्ट मात्र तुम्ही अचूक पकडलीत. मी लेखात दिलेली अनिश्चितता खरंच संदिग्ध होती. याच दोन बिंदूंवर १२ची अनिश्चितता ०.८९ येते, पण कर्व्ह-फिट डिफॉल्टवर ठेवलं तर ४ येते, कारण ते तुमचे सिग्मा नुसते सापेक्ष धरतं आणि बिंदू किती विखुरलेत त्यावरून मोजमाप ताणतं. 'ॲब्सोल्यूट सिग्मा' चालू केलं की ०.८९. यातली कुठली मी छापली होती ते लेखात लिहायला हवं होतं, आता घातलंय. शीर्षकातला 'बग'ही काढलाय.

तुमच्या लॅबमधल्या पॅकेजचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत. त्यात ते दोन बिंदू घालून काय येतं ते इथेच कळवा. १८ आलं तर मागचे सगळे ग्राफ काढायच्या आधी चहा घ्या.