रेटिंग ८४७ वर कसं टिकवावं

बुद्धिबळाचं रेटिंग काय, शाळकरी पोरंही वाढवतात. ते पाच-पाच वर्षं ८४७ च्या खुंटीला बांधून ठेवायचं तर साधना लागते.

आधी वेळ निवडा. रात्री साडेअकराला डोळे मिटायला लागले की तीन मिनिटांचा ब्लिट्झ, म्हणजे झटपट ऑनलाइन डाव, लावा. 'शेवटचा एकच डाव' असं घरात जाहीर करा, म्हणजे निदान नऊ होतात. हरलात की लगेच रीमॅच मागा. गेलेले गुण डोकं तापलेलं असतानाच परत मिळतात, हे शेअर बाजारात हात पोळलेला कोणीही सांगेल.

अभ्यास हवाच. सिसिलियन नायडॉर्फ नावाच्या ओपनिंगवरचा (डावाच्या ठरलेल्या सुरुवातीवरचा) तासाभराचा व्हिडिओ दीडपट वेगाने बघा, पंधरा चाली पाठ करा. समोरचा दुसऱ्याच चालीला वजीर बाहेर काढेल, मग उंट, दोघांचा डोळा तुमच्या राजाशेजारच्या एफ-७ या घरावर. तुम्ही पाठ केल्याप्रमाणे ए पट्टीतलं प्यादं ढकला. चौथ्या चालीला मात होईल. 'त्याला ओपनिंगचं काही कळत नाही' हे मत तरीही बदलू नका.

हरण्याची कारणं तयार ठेवा: बोट घसरलं, नेट गेलं, कुकरची शिट्टी झाली. यातलं काहीच लागू नसेल तर समोरचा इंजिन, म्हणजे चाली सुचवणारा संगणक, लावून खेळत होता. स्टॉकफिशसारखं इंजिन जगज्जेत्यालाही लोळवतं, मग ते हाताशी असून हा गडी ८५१ वरच का, असले प्रश्न मनात आणू नका. तक्रारीचं बटण दाबा आणि झोपा. (झोप येत नाही, ते वेगळं.)

मोठ्यांशी नातं सांगायला विसरू नका. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमीत कोनेरू हंपीला रॅपिड (जलद डावांच्या) टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला, वयाच्या १९ व्या वर्षी. फॅमिली ग्रुपवर लगेच लिहा, 'रॅपिडचं प्रेशर काय असतं ते आम्हालाच माहीत.'

सगळ्यात अवघड म्हणजे जिंकलेला डाव घालवणं. त्यात मात्र माझा हात धरणारा कोणी नाही. परवा माझा वजीर आधीच बोट घसरून गेलेला, पण एच पट्टीतलं प्यादं शेवटच्या घरात पोचवून मी नवा वजीर केला. समोरच्याचा एकटा राजा ए-८ च्या कोपऱ्यात, माझ्याकडे सात सेकंद. मी वजीर मोठ्या रुबाबात बी-६ वर आणून ठेवला. शह नाही आणि राजाला हलायला एक घर नाही. स्टेलमेट, अर्धा गुण! त्याने हसरा चेहरा पाठवला.

सकाळी तो डाव वडिलांना दाखवला. ते जन्मभर देशी पद्धतीने खेळलेले. त्यात प्यादं ज्याच्या घरात पोचेल तेच मोहरं होतं. चष्मा कपाळावर सारून ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले.

"एच पट्टी ना? मग हत्ती व्हायला हवा होता. हत्ती असता तर राजाला ए-७ चं घर राहिलं असतं, डाव चालू राहिला असता." मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, "तुझ्या हातात वजीर दिला कोणी?"